इमेज गाइडेड रेडिओथेरपी: 'त्रास जवळजवळ नाहीच' म्हणजे नक्की किती?

मुक्काम_पोस्ट

नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, वेळेत सापडला, ग्रंथीबाहेर गेलेला नाही. ऑपरेशन नको असं ठरलं आणि येत्या सोमवारपासून रेडिएशन सुरू होतंय. वीस सिटिंग, हॉर्मोनचं इंजेक्शन नाही.

डॉक्टर म्हणाले, "ही इमेज गाइडेड आहे, जुन्या रेडिएशनसारखी नाही. साइड इफेक्ट जवळजवळ नाहीतच." आम्ही हुश्श करून बाहेर आलो आणि लगेच हातात संमतिपत्र पडलं. त्यात दीड पान नुसती त्रासांची यादी. लघवीचे, शौचाचे, आणि शेवटी 'लैंगिक' असा एक शब्द. तो बाबांनी वाचला आणि कागदाची घडी घालून खिशात टाकली.

बाबा काही बोलत नाहीत. विचारलं की "बघू". म्हणून इथे विचारतोय. 'जवळजवळ नाहीत' आणि 'दीड पान' यांच्यामध्ये खरं कुठेतरी असेल ना? कोणाला काय झालं, कधी सुरू झालं, कधी थांबलं? गूगल करून झालंय. आता ज्यांनी भोगलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

सावली

वाचनखूण साठवली. माझ्या सासऱ्यांचंही आहे पुढच्या महिन्यात. बाबांना शुभेच्छा.

जुनं_खोड

तीन वर्षांपूर्वी मी याच वाटेने गेलो. तेव्हा वय ६८, सिटिंग वीसच. जसं आठवतंय तसं लिहितो.

पहिले दोन आठवडे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की काहीच होत नाही. मशीनखाली दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, दुखत नाही, खुपत नाही, दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यात माझी बढाई लघवीतून बाहेर पडली. आधी रात्री एकदा उठायचो, आता चार-पाचदा. लागली म्हणजे लागलीच, थांबायला वेळच नाही. धार बारीक आणि शेवटी जळजळ. डॉक्टरांनी झोपताना घ्यायची टॅम्सुलोसिन दिली. तिने धार सुधारली, पण पहिल्या रात्री झटक्यात उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसतो.

शौचाचं म्हणाल तर जुलाब नव्हते, पण दिवसातून तीन-चारदा जावंसं वाटायचं आणि जाऊन नुसती शेंब. यालाच म्हणे कुंथा. कोणी सांगून ठेवलं नव्हतं म्हणून घाबरलो.

थकवा वेगळाच. घाम गाळून आलेला नव्हे, पावसाळी दुपारी येते तशी मरगळ, पण रोज. रोज थोडं चालत राहिलो, त्याचा उपयोग झाला.

आणि एक कोणी सांगत नाही. शेवटचं सिटिंग झालं, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि त्यानंतरचा आठवडा सगळ्यात वाईट गेला. पुढे उतार पडत गेला. दोन महिन्यांनी रात्री एकदा उठण्यावर आलो. आज काही त्रास नाही.

शंकासुर

> माझी बढाई लघवीतून बाहेर पडली

काका, हे वाक्य फ्रेम करून लावा.

प्रश्न: इमेज गाइडेड असूनही एवढं होत असेल तर 'इमेज'चा उपयोग काय? की नुसतं गोंडस नाव?

किरणपाळी

मी रेडिएशनच्या मशीनवर काम करते, म्हणजे पेशंटला टेबलावर झोपवणारी आणि "हलू नका" म्हणणारी. नाव गोंडस नाही, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो.

प्रोस्टेट एका जागी खिळलेली नसते. तिच्या वर मूत्राशय, मागे गुदाशय. एक कमी-जास्त भरला किंवा दुसऱ्यात गॅस झाला की ग्रंथी काही मिलिमीटर सरकते, कधी सेंटीमीटरभरसुद्धा. पूर्वी कातडीवरच्या खुणा आणि हाडं बघून नेम धरायचे. ग्रंथी आज नेमकी कुठे आहे ते दिसत नसल्यामुळे तिच्याभोवती ऐसपैस कड धरावी लागायची. त्या कडेत गुदाशय आणि मूत्राशयाचा बराच भाग सापडायचा आणि तोही भाजायचा.

आता रोज किरण सोडण्याआधी टेबलावरच छोटा सीटी काढतो. काही ठिकाणी ग्रंथीत आधीच सोन्याचे तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक असे तीन-चार दाणे बसवतात. ते चित्रात स्पष्ट दिसतात. नियोजनाच्या स्कॅनमधल्या जागेशी ताडून टेबल मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकवलं की मगच सुरू. म्हणून कड कमी ठेवता येते, आणि कड कमी म्हणजे शेजाऱ्यांना झळ कमी.

पण मूत्रनलिका ही शेजारीण नाही. ती ग्रंथीच्या मधून जाते. घरातून जाणारी नळी घर भाजताना वगळता येत नाही. गुदाशयाची पुढची भिंतही ग्रंथीला अगदी टेकून असते. नेम कितीही अचूक असला तरी या दोघांना काही ना काही मिळणारच. खोडकाकांचं जे झालं ते नेम चुकल्यामुळे नाही.

शंकासुर

नळीचं समजलं. धन्यवाद. आता रोजच्या सीटीचे किरण वेगळे ना? आणि बाबा घरी आल्यावर नातवंडांना दूर ठेवायचं का?

किरणपाळी

रोजच्या सीटीचा डोस उपचाराच्या डोसपुढे अगदी किरकोळ असतो.

नातवंडांना खुशाल मांडीवर घेऊ द्या. बाहेरून दिलेलं रेडिएशन मशीन बंद झालं की संपतं, अंगात काही उरत नाही. ग्रंथीत किरणोत्सारी बिया कायमच्या बसवतात तो उपचार वेगळा, त्यात काही काळ लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायला सांगतात. ही दोन्ही सगळे एकत्र करतात.

हिरवी_वाट

मला आश्चर्य वाटतं की सगळे हे जाळून घेणं एवढं सहज स्वीकारतात. शरीर स्वतःला बरं करतं. माझ्या ओळखीच्या एकांनी रेडिएशन अर्ध्यात सोडलं आणि रसाहार व अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू केल्या. आता ठणठणीत आहेत.

आकडेमोड

अर्धं रेडिएशन घेतलं आणि श्रेय रसाला?

जुनं_खोड

हिरवी_वाट, तुमचा हेतू चांगला असेल, पण धागाकर्त्याचे वडील सोमवारी जाणार आहेत. अर्ध्यात सोडणं हा सगळ्यात वाईट पर्याय. त्रास पूर्ण, गुण अर्धा.

किरणपाळी

आणि त्या गोळ्यांबद्दल: अँटिऑक्सिडंटचे मोठे डोस रेडिएशन चालू असताना स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. किरणांचं काम ज्या रासायनिक मोडतोडीवर चालतं तीच थोपवायची ताकद त्यात असते. जेवणातून जे जातं ते चालतं. डबीतलं काहीही आधी डॉक्टरांना दाखवा.

हिरवी_वाट

ठीक आहे, माझं मत मी मांडलं. वादात पडायचं नाही.

आकडेमोड

आता आकडे, कारण 'जवळजवळ नाही' हा आकडा नव्हे.

ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाची चाचणी झाली. १,६४३ पुरुष, तीन गट: नुसती देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लवकर सापडलेल्या आजारात खरी निवड बहुतेक वेळा त्रासांमधलीच असते. १२ व्या वर्षी लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे ऑपरेशनच्या गटात २४ टक्के, रेडिएशनच्या गटात ८ टक्के. शौचाची गळती मात्र उलट: रेडिएशनमध्ये १२ टक्के, बाकी दोन्हींत ६. लक्षात ठेवा, तिथलं रेडिएशन जुन्या पद्धतीचं, ३७ सिटिंगचं होतं.

वीस सिटिंगबद्दल 'चिप' चाचणी, निष्कर्ष २०१६ चे. ७४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) ३७ सिटिंगमध्ये आणि ६० ग्रे २० सिटिंगमध्ये, कॅन्सर आवरण्यात वीसवाले मागे पडले नाहीत. पोटाचा त्रास वीसवाल्यांत लवकर टोकाला गेला, चौथ्या-पाचव्या आठवड्यात. ३७ वाल्यांत सातव्या-आठव्या. १८ आठवड्यांनी दोघे सारखे. खोडकाकांचा 'शेवटच्या सिटिंगनंतरचा आठवडा' यात बरोबर बसतो. वीस सिटिंग चार आठवड्यांत संपतात, पाचवा आठवडा घरी.

आता चित्राचा प्रश्न. 'मिराज' चाचणीत (२०२३, पाच सिटिंगचं रेडिएशन) सीटीने नेम धरून ४ मिमी कड आणि एमआरआयने नेम धरून २ मिमी कड अशी तुलना होती. पहिल्या तीन महिन्यांत लघवीचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास सीटीवाल्यांत ४३.४ टक्के, एमआरआयवाल्यांत २४.४. पोटाचा १०.५ आणि ०. दोन मिलिमीटरने एवढा फरक पडतो. पण सगळ्यात चांगल्या चित्रानेसुद्धा चारांतल्या एकाला लघवीचा त्रास झालाच. शंकासुर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

सावली

४३ टक्के?! आता मी सासऱ्यांना काय सांगू?

आकडेमोड

'मध्यम' म्हणजे ढोबळ मानाने गोळी द्यावी लागली एवढं. खोडकाका त्यात मोडतात. आणि त्यांची विनोदबुद्धी शाबूत आहे.

तिसरी_घंटा

सगळ्यांचं इतकं सुरळीत होत नाही. माझ्या मोठ्या भावाची ग्रंथी मुळातच मोठी होती, धार आधीपासून अडखळती. बाराव्या सिटिंगला सूज आली आणि रात्री लघवी पूर्ण अडली. तो सकाळपर्यंत कळ काढत बसला, कारण "यादीत लिहिलं होतं, त्रास होतो म्हणून". कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालावा लागला, दहा दिवस राहिला. पुढची सिटिंग कॅथेटरसकट झाली आणि आता बरा आहे. पण ती रात्र टाळता आली असती. मुक्काम_पोस्ट, बाबांना आधीपासून धारेचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना आत्ताच सांगा.

किरणपाळी

अगदी. पूर्वी ग्रंथी खरवडायचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा, अशांना नंतर गळतीचा किंवा नलिका आकसण्याचा धोका जास्त असतो. आणि लघवी अजिबात न होणं, थंडी वाजून ताप, रक्ताच्या गाठी पडणं, यांसाठी सकाळची वाट बघायची नाही.

गप्पिष्ट

अवांतर: प्रोस्टेटला मराठीत काय म्हणतात? शाळेत काहीतरी होतं.

आकडेमोड

पुरःस्थ ग्रंथी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'पुढे उभा असलेला' असाच आहे.

जुनं_खोड

पुढे उभा असलेला! त्या चार आठवड्यांत स्वच्छतागृहाच्या रांगेत मीच तो.

गप्पिष्ट

काका, तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

चिमणचारा

मी उशिरा येणाऱ्या त्रासाबद्दल लिहिते, कारण इथे सगळे पहिल्या तीन महिन्यांवर अडकलेत.

यांचं रेडिएशन सुरळीत झालं. दीड वर्षाने एक दिवस शौचातून लालभडक रक्त. दुखणं काहीच नाही. आम्हाला वाटलं कॅन्सर पसरला. घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. निघालं ते असं की रेडिएशनमुळे गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर नाजूक, फुगलेल्या केशवाहिन्या तयार होतात आणि घासल्या की रक्त येतं. हे सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन-तीन वर्षांनीही सुरू होऊ शकतं. यांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू, त्यामुळे जरा जास्तच.

आता महत्त्वाचं. कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला) जे डॉक्टर होते ते वेगळे, त्यांना रेडिएशनचं माहीत नव्हतं. मी फाइल पुढे केली. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, नाहीतर त्या लाल भागाचा तुकडा तपासायला घेतला असता. किरण लागलेल्या त्या भिंतीची जखम लवकर भरत नाही, व्रण राहतो, क्वचित मूत्रमार्गापर्यंत भोक पडतं. म्हणून तिथली बायोप्सी अगदी गरजेशिवाय करत नाहीत. मंडळी, हे कुठेतरी लिहून ठेवा. पाच वर्षांनी नव्या डॉक्टरांकडे गेलात तरी सांगायचं की इथे रेडिएशन झालंय.

यांना आधी सुक्राल्फेटचा एनिमा दिला, मग आर्गॉन वायूच्या झोताने दोनदा त्या वाहिन्या बंद केल्या. आता वर्ष झालं, रक्त नाही. आणि रक्त दिसलं की 'रेडिएशनचंच असेल' म्हणून घरी बसू नये, तपासणी हवीच. या वयात दुसरं कारणही असू शकतं.

मुक्काम_पोस्ट

चिमणचारा, हे छापून फाइलला लावतोय. मनापासून आभार.

नाव_नको

हा आयडी आजच काढलाय. संमतिपत्रातल्या त्या शेवटच्या शब्दाला अजून कोणी हात लावला नाही.

वय ६२, रेडिएशनला चार वर्षं झाली. ऑपरेशननंतर ताठरता एकदम जाते आणि काहींची हळूहळू थोडी परत येते. रेडिएशनमध्ये उलट. सुरुवातीला काहीच फरक नसतो, आपण खूश होतो, आणि मग दोन-तीन वर्षांत हळूहळू कमी होत जाते. नसांना आणि रक्तवाहिन्यांना पोचलेली इजा सावकाश दिसते. वीर्यही खूप कमी होतं किंवा येतच नाही. आनंदाची जाणीव राहते, पण कोरडी. पहिल्यांदा मी घाबरलो होतो.

गोळ्यांचा उपयोग होतो, मला झाला. पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांनी त्या अजिबात घेऊ नयेत, रक्तदाब धोकादायक खाली जातो. मित्राची गोळी उधार घेणारे आपल्यात कमी नाहीत, म्हणून सांगतो.

मी दीड वर्ष कोणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. तिला वाटत होतं मला ती नको झालीय. मुक्काम_पोस्ट, तुम्ही मुलगा आहात, बाबा तुमच्याशी हे बोलणार नाहीत. पण डॉक्टरांच्या खोलीत एकदा तुम्ही आणि आई बाहेर थांबा. त्यांना दहा मिनिटं एकटं मिळू द्या.

जुनं_खोड

नाव_नको, तुम्ही लिहिलंत ते मला वरच्या प्रतिसादात लिहायला जमलं नाही. 'आज काही त्रास नाही' हे मी थोडं खोटं लिहिलं होतं.

पहाटवारा

हॉर्मोनचं इंजेक्शन चालू असणाऱ्यांसाठी: अंगातून वाफा येणं, इच्छाच मरणं, चिडचिड, पोट सुटणं, हे बहुतांशी इंजेक्शनचं असतं. मी सहा महिने सगळा दोष मशीनला देत होतो. इंजेक्शन थांबल्यावर काही महिन्यांनी माणसात आलो.

सावली

सगळं वाचलं. आता नेमकं काय काळजी घ्यायची ते कोणी सांगेल का? पाणी किती, खाणं काय?

किरणपाळी

आमच्याकडे मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं लागतं. भरलेलं मूत्राशय आतड्याला आणि स्वतःच्या बऱ्याच भागाला किरणांच्या वाटेतून वर उचलतं. नियोजनाच्या स्कॅनच्या दिवशी जेवढं भरलेलं होतं साधारण तेवढंच रोज हवं, म्हणून ठरलेलं पाणी ठरलेल्या वेळी. जास्त प्यायलं की जास्त फायदा असं नाही. उलट टेबलावर कळ आवरत नाही, माणूस आखडतो आणि सगळंच हलतं. प्रमाण तुमच्या सेंटरचं पाळा.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, पोटात वायू धरणारं जे तुम्हाला बाधतं ते महिनाभर टाळा. जळजळ असेल तर चहा-कॉफी आणि दारू कमी. रात्री जळजळतं म्हणून दिवसभर पाणीच तोडणारे खूप भेटतात, त्याने लघवी घट्ट होते आणि आणखी जळते. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताने.

आणि कृपा करून आम्हाला सांगा. आम्ही रोज विचारतो "कसं आहे?" आणि शंभरातले नव्वद काका म्हणतात "मस्त". मग शेवटच्या दिवशी बायको सांगते की हे तीन आठवडे रात्री झोपले नाहीत. (नव्वद हा आकडा माझा, आकडेमोड यांनी संदर्भ मागू नये.)

आकडेमोड

मागत नाही. माझे वडील त्या नव्वदांतले होते.

मुक्काम_पोस्ट

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

बाबांची वीस सिटिंग गेल्या बुधवारी संपली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे अगदी सुरुवातीला, टेबलावरून परत उतरवलं. चित्रात गुदाशयात गॅस दिसला. "जा, फिरून या, मोकळे होऊन या." बाबा अर्धा तास कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होते, त्यात भरलेलं मूत्राशय. घरी येऊन म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा गॅस इतका मनावर घेतला.

त्रास: लघवी तिसऱ्या आठवड्यापासून, रात्री चारदा. गोळी चालू आहे. शेंब आणि कुंथा शेवटच्या चार-पाच दिवसांत आला, पण खोडकाकांचं आधीच वाचून दाखवलं होतं म्हणून घाबरले नाहीत, उलट "आला का तो" म्हणाले. रक्त नाही. दुपारी दोन तास झोपतात. सध्या तो पाचवा आठवडा चालू आहे आणि खरोखर तोच सगळ्यात वाईट आहे. पहिल्या पोस्टमध्ये मी विचारलेलं 'मध्ये कुठेतरी' सध्या तरी इथे आहे.

दहा मिनिटांचंही केलं. आई आणि मी बाहेर बसलो. दहाची पंचवीस झाली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

किरणपाळी

छान. पीएसए (रक्तातून करतात ती प्रोस्टेटची तपासणी) लगेच शून्य होईल अशी अपेक्षा ठेवू नका हां. रेडिएशननंतर तो सावकाश उतरतो, तळ गाठायला दीड-दोन वर्षंही लागतात, आणि मध्येच एकदा थोडा वर उडी मारून आपोआप खालीही येतो. त्या उडीला घाबरून झोप उडवू नका. तळापेक्षा २ ने वर गेला तर मात्र डॉक्टर पुढचा विचार करतात.

जुनं_खोड

बाबांना सांगा, सातव्या आठवड्यात मी पहिल्यांदा रात्रीत दोनदाच उठलो होतो. आणि त्यांना इथे आयडी काढून द्या. गॅसवरचं वाक्य माझ्या बढाईच्या वरचढ आहे.

मुक्काम_पोस्ट

वाचून दाखवलं. म्हणाले, "बघू." पण हसले.